दार उघडण्याआधी…

परवा माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा वाईहून फोन आला. वाई माझं माहेर. तिची मुलगी बारावी झाली, आता पुण्यात शिकायला येणार. होस्टेल, मेस, फी अशी सगळी चौकशी झाल्यावर तिनं हळूच मूळ मुद्दा काढला. ''काय गं, पोरीला स्कूटर घेऊन द्यावी का? तिथल्या ट्रॅफिकचं ऐकूनच छातीत धडधडतं माझ्या.''

एरवी मी पटकन म्हणाले असते, ''दे की, त्यात काय!'' पण गेल्या वर्षापासून या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला जरा वेळ लागतो. का, ते तुम्हालाही सांगते. कारण तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या मुली आज पुण्या-मुंबईत, नाशकात, संभाजीनगरात रोज गाडी काढत असतील.

मी स्वतः गाडी शिकले ती वाईत, वडिलांच्या लूनावर. बी.ए.ला असताना बाजारपेठेतून गणपती घाटापर्यंत लूनावर जायचे तेव्हा अर्ध्या गावाला माहीत व्हायचं, अमक्यांची मुलगी निघाली! पण त्या लूनानं मला काय दिलं ते माझं मलाच ठाऊक. 'कुणीतरी सोडायला येईल का?' असं विचारावं लागत नव्हतं. २००२ मध्ये लग्न होऊन पुण्यात कोथरूडला आले, तर इथं सगळ्याच मुली गाडीवर. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेल्या, फक्त डोळे उघडे. पुण्याला पूर्वी सायकलींचं शहर म्हणायचे. मी आले तोवर सायकली मागं पडल्या होत्या. पुढं २०१८ मध्ये शहरातल्या गाड्यांचा आकडा छत्तीस लाखांच्या वर गेला आणि गाड्या माणसांपेक्षा जास्त झाल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा आम्ही हसलो होतो. रस्त्यावर मात्र हसू येत नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहतीत जाते. आमचा पाच-सहा जणींचा गट तिथल्या बायकांना बचत गटाचे हिशेब, बँकेचे फॉर्म, रेशन कार्डाची कामं यात मदत करतो. कर्वे रस्ता, नळस्टॉप, म्हात्रे पूल, दांडेकर पूल असा माझा स्कूटरचा रस्ता. अंतर सहा-सात किलोमीटर. पण पसरणी घाट चढून वाईहून पाचगणीला पोचायला लागतो, त्याहून जास्त वेळ कधी कधी इथं लागतो!

त्या वेळात काय काय होतं ते ऐका. सिग्नलचे आकडे पाचावर आले की मागून हॉर्न सुरू. हिरवा दिवा लागला नाही, तरी आपण निघावं ही अपेक्षा. डावीकडून बस रेटत येते, उजवीकडून रिक्षा आडवी घुसते. समोरून उलट्या बाजूनं एखादा भाऊ निवांत येतो आणि वर आपल्याकडंच रागानं बघतो. रस्त्यावर दरवर्षी डांबराचे नवे थर चढतात, ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं खालीच राहतात. पावसाळ्यात त्यात पाणी साचलं की खड्डा कुठला आणि रस्ता कुठला, देव जाणे. अशात एखादी मोठी कार शेजारून सर्रकन जाते आणि धुतलेल्या साडीवर चिखलाची नक्षी काढून जाते. काच वर, एसी चालू, आत गाणी. मी दर वेळी मनात म्हणायची, ''या कारवाल्यांना ना, एक दिवस स्कूटरवर बसवलं पाहिजे!''

गंमत अशी, की आठवड्यातून एक-दोनदा ती कारवाली मीच असते.

सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांना दवाखान्यात न्यायचं, वसाहतीत शिलाई मशीन पोचवायचं, असं काही असलं की कार काढावी लागते. आणि स्टिअरिंग हातात आलं की माझी भाषा बदलते. क्लच दाबून दाबून डावा गुडघा भरून येतो. मोहोळ उठावं तशा चारी बाजूंनी दुचाक्या. कुणी आरसा वाकवून जातो, कुणी बंपरला पाय टेकवून उभा राहतो. पार्किंगचा तर वेगळाच अभ्यास. सम तारखेला रस्त्याच्या या बाजूला, विषम तारखेला त्या बाजूला. तारीख चुकली की गाडीला जॅमर लागलाच म्हणून समजा. तेव्हा मी म्हणते, ''या स्कूटरवाल्यांना ना, एक दिवस कार चालवायला लावली पाहिजे!''

म्हणजे बाई तीच, रस्ताही तोच. फक्त बूड कुठल्या सीटवर टेकलंय त्यावर शत्रू कोण ते ठरतं.

गेल्या वर्षी जुलैतली गोष्ट. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं न्यायचं होतं. अकराची वेळ, आणि आम्ही नळस्टॉपलाच पंचवीस मिनिटं अडकलो. एरंडवण्यात दवाखान्याच्या गल्लीत पोचलो तर गाडी लावायला जागा नाही. दोन चकरा मारल्या. एका फटीत कशीबशी गाडी घातली तर वॉचमन ओरडला, ''ओ मॅडम, गेटसमोर नका लावू!'' मागचा टेम्पो हॉर्नवरून हात काढेना. सासूबाईंचं आपलं, ''अगं, नंबर जाईल आपला…'' गाडी दोन फूट पुढं घेतली, इंजिन बंद केलं आणि वॉचमनला चांगलं सुनवायचं म्हणून रागारागानं उजवीकडचं दार उघडलं. मागं न बघता.

धाडकन आवाज झाला.

एक मुलगी रस्त्यावर पडली होती. स्कूटर आडवी, चाक फिरतंय. ती हलेना. ते चार-पाच सेकंद मी आयुष्यात विसरणार नाही. मग तिनं मान उचलली. डोक्यात हेल्मेट होतं, त्यावर एका बाजूला चांगला वीतभर ओरखडा. तो ओरखडा तिच्या डोक्यावर असता तर? मैत्रिणींनो, हा विचार आजही रात्री मध्येच जाग आणतो.

शेजारच्या गॅरेजमधली दोन पोरं धावत आली. एका रिक्षावाल्यानं आपणहून रिक्षा वळवली. पूर्वी 'नको ती पोलिसांची भानगड' म्हणून लोक लांबूनच बघायचे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला आणि जखमीला मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण मिळालं. त्याला नाव-पत्ता सांगायचीही सक्ती करता येत नाही. हे आपल्या घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

मुलगी एकोणीस वर्षांची, मूळची उदगीरची. कर्वेनगरला होस्टेलवर राहणारी. मनगटाचं हाड चिरलं होतं, कोपर सोललं होतं. प्लास्टर घालताना ती रडली नाही, फोन लावताना मात्र रडली. ''काकू, आईला तुम्हीच सांगा. ती गाडी काढून घेईल माझी.''

म्हणजे तिला हाताची काळजी नव्हती, गाडीची होती. मला एकदम माझी लूना आठवली.

फोनवर मी सगळं खरं सांगितलं. चूक तिची नाही, माझी आहे. मी दार न बघता उघडलं. दवाखान्याचा, गाडीचा सगळा खर्च मी करीन, आणि पोलिसांत जायचं असेल तर मी स्वतः येईन. पलीकडून बराच वेळ आवाजच नाही. मग एवढंच, ''ताई, लेकराला लय लागलंय का हो?'' दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रीच्या गाडीनं त्या दारात हजर.

दोन दिवस राहिल्या. मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत. पोलिसांत जायचं नाही, हे मायलेकींनी आपसांतच ठरवलं. तो अबोलाच मला जास्त लागत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, ''ताई, मला तुमच्या गाडीवर बसवा अन् ही रोज जाती त्या रस्त्यानं न्या. मला बघायचंय.''

साडेनऊची वेळ. त्यांना माझ्या मुलाचं हेल्मेट दिलं. मागं बसणाऱ्यालाही ते कायद्यानं लागतंच, पण आपण बायका पदर नाहीतर ओढणी डोक्यावर घेऊन बसतो. कर्वेनगरहून कर्वे पुतळा, पौड फाटा, नळस्टॉप करत डेक्कनपर्यंत गेलो. जेमतेम पाच-सहा किलोमीटर. पहिल्या सिग्नलला त्यांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की बोटं रुतली. पुढं हळूहळू पकड सैल झाली. आजूबाजूला सगळ्या मुलीच मुली गाडीवर. कुणाच्या पाठीला सॅक, कुणाच्या पुढ्यात डब्याची पिशवी. कानाशी आवाज आला, ''या समद्या बाहेरगावच्याच का हो?'' मी म्हटलं, ''बऱ्याचशा.'' डोक्यावरून मेट्रो गेली तेव्हा विचारलं, ''मग ह्याच्यानं का जाईना ही?''

प्रश्न बरोबर होता. २०२२ मध्ये वनाजपासून मेट्रो सुरू झाली, आता स्वारगेटलाही जाता येतं. मीही कधी कधी जाते, छान वाटतं. पण कर्वेनगरातल्या होस्टेलपासून स्टेशनपर्यंत कशानं यायचं? बस वेळेवर येईल याचा भरवसा नाही. फुटपाथवर गाड्या आणि हातगाड्या. आणि संध्याकाळचा क्लास सुटल्यावर अंधारात एकटीनं चालत परतायचं, त्यापेक्षा स्वतःची गाडी बरी, असं मुलींना वाटतं. त्यात चूक काय? बस वेळेवर हवी, फुटपाथ मोकळे हवेत, हे महापालिकेकडं मागायलाच हवं. आमचा गट अर्ज करतोच. पण तोवर या मुली रस्त्यावर आहेत, हेही खरं.

देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर एक लाख अडुसष्ट हजारांहून जास्त माणसं गेली, हे सरकारी अहवालातच आहे. त्यातली शंभरातली साधारण चव्वेचाळीस दुचाकीवरची आणि एकोणीस-वीस पायी चालणारी. म्हणजे ज्यांच्याभोवती पत्र्याचं कवच नाही, तीच. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून हेल्मेटसक्ती कडक केली तेव्हा केवढा विरोध झाला! केस खराब होतात, मान दुखते, गावात कशाला हवं… हे सगळं मीही बोलले होते. तो ओरखडा बघितल्यापासून माझं तोंड बंद झालंय.

डेक्कनला पोचल्यावर त्या उतरल्या. हेल्मेट काढलं, चेहरा पुसला. म्हणाल्या, ''गाडी राहू द्या तिची. घरी बसवून काय करू? पर हे टोपडं डोक्यावरनं उतरवायचं नाही म्हणावं.'' मग प्रथमच माझ्याकडं नीट बघितलं. ''अन् ताई, तुम्ही दार बघून उघडत जा.''

बस, एवढंच. पण त्यात सगळं आलं.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. कारचं उजवीकडचं दार उजव्या हातानं उघडायचंच नाही, डाव्या हातानं उघडायचं. करून बघा. डावा हात तिकडं न्यायचा म्हटलं की अंग आपोआप वळतं आणि नजर मागं जाते. डावीकडच्या सीटवर बसणाऱ्यानं उजव्या हातानं उघडायचं. मागं बसलेल्या मुलांनाही हेच शिकवायचं. पैसा लागत नाही, वेळ लागत नाही. आणि दुसरी गोष्ट, डोकं तापलं असेल तर गाडी बंद केल्यावर दहा आकडे मोजायचे. त्या दिवशी वॉचमन चुकीचा नव्हता, टेम्पोवालाही नव्हता. दार माझ्या वैतागानं उघडलं आणि मार त्या पोरीला बसला. ट्रॅफिक माझ्या हातात नाही, पण माझा हात तरी माझ्या हातात आहे ना!

विसरायला नको म्हणून दाराच्या आतल्या हँडलला लाल दोरा बांधलाय. सासूबाईंनी विचारलं, ''नजर लागू नये म्हणून बांधलास का गं?''

म्हटलं, ''नाही आई, नजर टाकावी म्हणून.''

आणि वाईच्या मैत्रिणीला काय सांगितलं? ''दे तिला गाडी. पण आधी दोन महिने वाईतच हात बसू दे. लायसन्स काढ. हेल्मेट चांगलं घे आणि त्याचा पट्टा लावायला शिकव. आणि तिला सोडायला आलीस की एक दिवस जास्त राहा. तिचा रोजचा रस्ता आपण दोघी एकदा गाडीवरनं बघून येऊ. मागं तू बस.''

''मी? त्या ट्रॅफिकमध्ये?'' ती किंचाळलीच.

म्हटलं, ''हो, तूच. तुझ्या मापाचं हेल्मेट आणून ठेवते.''