बाजारातील पिल्ले आणि परसातील कोंबडी

घरामागच्या परसात पाच-सहा गावठी कोंबड्या पाळणे ही आपल्याकडील खेड्यांतील जुनी रीत होय. भाताचा कोंडा, स्वयंपाकघरातील उरलेसुरले अन्न आणि परसातील किडेमुंग्या यांवर त्या वाढतात आणि अंड्यांचा पैसा बहुधा घरच्या गृहिणीच्याच हाती राहतो. पूर्वी ही पिल्ले घरच्याच खुडूक कोंबडीखाली निघत. अलीकडे मात्र ती विकत आणण्याची पद्धत रूढ झाली आहे. टोपली घेऊन वस्त्यांतून हिंडणारे विक्रेते, आठवडी बाजार, खासगी उबवणी केंद्रे व शासकीय केंद्रे अशा अनेक ठिकाणी एक दिवसाची पिल्ले मिळू लागली आहेत. परंतु एक दिवसाचे पिल्लू पाहून ते पुढे काय होणार हे सामान्य माणसाला ओळखता येत नाही. साठवलेल्या पैशातून वीस पिल्ले घ्यावीत, पाच महिने दाणापाणी करावे आणि अखेर एकही अंडे दिसू नये, असा अनुभव पदरी पडण्याचे कारण बहुधा हेच असते.

गुलाबी, हिरव्या व जांभळ्या रंगांत बुडविलेली पिल्ले हे याचे ठळक उदाहरण आहे. अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या लेगहॉर्न वंशाच्या व्यापारी कोंबड्यांच्या उबवणी केंद्रांत नर पिलांचा उपयोग नसतो. जन्मतःच नर-मादी वेगळे करून माद्या कुक्कुटपालकांकडे पाठविल्या जातात. उरलेले नर स्वस्तात विकले जातात आणि मुलांना भुलविण्यासाठी त्यांना रंग दिला जातो. काही आठवड्यांत खरी पिसे फुटली की रंग नाहीसा होतो व हाती उरतो तो एक सडपातळ पांढरा कोंबडा. तो अंडे तर देत नाहीच, पण खाल्लेल्या दाण्याच्या मानाने त्याच्या अंगी मांसही फारसे धरत नाही. मांसासाठी तयार केलेल्या ब्रॉयलर पिलांचीही परसात अशीच निराशा होते. बंद घरात भरपूर सकस खाद्यावर सहा आठवड्यांत सुमारे दोन किलो भरणारे हे पिल्लू परसात चरून पोट भरण्यासाठी जन्मलेलेच नसते.

परसासाठी म्हणून मुद्दाम तयार केलेले वाण वेगळे आहेत. हैदराबादजवळील राजेंद्रनगर येथील केंद्रीय कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेले ‘वनराजा’ व ‘ग्रामप्रिया’ हे त्यांपैकी विशेष परिचित होत. शेजारच्या कर्नाटकातून येणारी ‘गिरिराजा’ ही बंगळूरच्या पशुवैद्यक शास्त्रज्ञांची देणगी आहे. या वाणांची पिसे रंगीत असतात, अंडी तपकिरी असतात आणि चरण्याची सवय त्यांना चांगली जडते. तथापि त्यांचे गुण सारखे नाहीत. वनराजा हा मांस व अंडी या दोहोंसाठी आहे; परसात त्याची मादी वर्षाला साधारण १०० ते ११० अंडी देते. ग्रामप्रिया अंगाने हलकी असून तिचा कल अंड्यांकडे आहे. तिच्याकडून १६० ते १८० अंड्यांची अपेक्षा धरता येते. गावठी कोंबडीची वार्षिक अंडी पन्नास ते ऐंशीच्या घरात असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे फरक कळून येतो. वनराजाच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. दाणा मुबलक मिळाल्यास ही कोंबडी अंगाने सुटते व अंडी कमी देऊ लागते. सहाव्या महिन्यात तलंगेचे वजन अडीच किलोच्या वर जाऊ न देणे हितावह ठरते.

येथे एक गोष्ट विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे, कारण सर्वाधिक गैरसमज तिच्याबाबतच आढळतो. गिरिराजा किंवा वनराजा आणली, घरचाच कोंबडा ठेवला, तिचीच अंडी उबविली, म्हणजे पुढे पिल्ले विकत घेण्याची गरज नाही, असा हिशेब अनेक जण मनाशी बांधतात. हा हिशेब चुकतो. संकरित मक्याच्या शेतातील दाणे पुढच्या वर्षी बियाणे म्हणून पेरले तर पीक पहिल्यासारखे येत नाही, हे शेतकऱ्यास ठाऊक असते. या कोंबड्यांचेही तसेच आहे. निरनिराळ्या गुणांचे पितृवंश व मातृवंश स्वतंत्र जोपासून त्यांच्या मीलनातून ही पिल्ले काढली जातात. दुसऱ्या पिढीत ते गुण विखुरतात. एक पिल्लू जोमदार निघते, तर दुसरे खुरटते. शिवाय या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. अधिक अंडी मिळतात त्याचे एक कारण हेही आहे, कारण गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालून एकवीस दिवस बसते व पुढे पिलांच्या मागे फिरते. त्या काळात ती अंडी देत नाही. म्हणून सुधारित वाणाच्या आगमनाने घरातील गावठी कोंबड्या मोडीत काढू नयेत. अंडी उबविणे, पिलांना चरायला शिकविणे आणि घारीची सावली दिसताच त्यांना पंखाखाली घेणे हे काम त्यांच्याइतके कोणतेही यंत्र करीत नाही.

‘कडकनाथ’ या नावाभोवती निराळेच कुतूहल आहे. मध्य प्रदेशातील झाबुआ, अलीराजपूर व धार या आदिवासी भागांतील ही देशी जात. तिची कातडी, मांस व अंतर्गत अवयवदेखील काळसर असतात. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले व तेव्हापासून मागणी वाढली. मागणीपाठोपाठ लबाडीही आली. केवळ पिसे काळी आहेत म्हणून कोणतेही पिल्लू कडकनाथ ठरत नाही. चोच, पाय, जीभ व तुरा यांवरही काळी झाक हवी. संकरातून निघालेली पिल्लेही काळसर दिसू शकतात, त्यामुळे विश्वासार्ह केंद्राखेरीज ती घेऊ नयेत. अंडी काळी असतात ही समजूत निराधार आहे. ती फिकट तपकिरी असतात. ही कोंबडी सावकाश वाढते. वीस आठवड्यांत तिचे वजन एक किलोच्या आसपास भरते. गिऱ्हाईक निश्चित असल्याशिवाय तिच्यात पैसा गुंतविणे शहाणपणाचे नव्हे.

पिल्लू कोणत्याही वाणाचे असो, पहिले सहा आठवडे त्याला परसात सोडता येत नाही. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्यास ती तीन अंशांनी कमी करावी. दर पिलामागे २ वॉट या हिशेबाने दिवा टांगावा. तो जुन्या तारेचा असावा. नव्या एलईडी दिव्यापासून उजेड मिळतो, पण पुरेशी ऊब मिळत नाही. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढू लागली तर त्यांना थंडी वाजत आहे असे समजावे, आणि ती कडेला पांगून धापा टाकू लागली तर दिवा वर उचलावा. खाली पसरलेले भाताचे तूस कोरडे राहील याकडे लक्ष द्यावे. ओलसर तुसावर रक्ती हगवण बळावते, तर दमट हवेत खाद्याला बुरशी धरते. बुरशी आलेला मका वा पेंड कोंबड्यांना मुळीच घालू नये.

मानमोडी म्हणजे राणीखेत हा रोग एका रात्रीत अर्धे खुराडे रिकामे करू शकतो व त्यावर औषध नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात वा नाकात लसीचा थेंब आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचणी, एवढी काळजी घेतल्यास पुष्कळ हानी टळते. पिल्ले घेतानाच मॅरेक्स रोगाची लस दिली आहे किंवा नाही हे विचारावे, कारण ती उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी द्यावयाची असते. त्याच वेळी वाणाचे नाव, नर-मादी निवडलेले आहेत की मिश्र, आणि पिल्ले कोणत्या तारखेस निघाली, हेही पावतीवर लिहून घ्यावे. पावती देण्यास जो विक्रेता कचरतो, त्याची टोपली तशीच पुढे जाऊ द्यावी. मिश्र पिलांत निम्मे नर असणे स्वाभाविक आहे. त्यांतील दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा राखून बाकीचे मांसासाठी वेळीच विकून टाकावेत. केवळ खाण्याची अंडी हवी असल्यास कोंबड्याची आवश्यकताच नाही.

ऐन पावसाळ्यात कोवळी पिल्ले आणणे मात्र टाळावे. चवथ आटोपून दसऱ्याच्या सुमारास आणलेली पिल्ले कोरड्या हवेत वाढतात आणि वनराजा, ग्रामप्रिया यांच्या तलंगा साधारणपणे पुढच्या उन्हाळ्याच्या आरंभी अंड्यावर येतात.