बेसबॉलचीं दोन क्रीडांगणें

अमेरिकेंतील बेसबॉलचीं क्रीडांगणें एकाच मापाचीं नसतात. म्हणून त्यांत डावेंउजवें ठरवितां येतें. बोस्टनचें १९१२ सालचें फेनवे पार्क आम्ही उत्कृष्ट मानितों. मागील रस्त्यामुळें तेथें जागा अपुरी; म्हणून डावीकडे ३७ फूट उंच हिरवी भिंत आहे. अन्यत्र सहज झेलला जाणारा चेंडू येथें तिच्यावर आदळतो. आसनें अरुंद, मध्येंच खांब. पण खेळाडूचा चेहरा दिसतो!

ओकलंडच्या १९६६ सालच्या कोलिसियमला मात्र बेसबॉल व अमेरिकन फुटबॉल अशा दोन धन्यांची चाकरी करावी लागली. प्रेक्षक खेळापासून दूर पडले. १९९६ सालीं फुटबॉलकरितां उभारलेल्या प्रचंड सज्ज्यानें समोरच्या टेकड्याही झांकल्या. आम्ही त्यास निकृष्टच म्हणतों. तथापि २०२४ सालीं बेसबॉलच्या संघानें तें सोडलें, तेव्हां अखेरच्या सामन्यास ४६ हजारांवर लोक लोटले, आणि कित्येकांनीं तेथील माती बरोबर नेली.