अहीर आणि गंगेची मुशी

आर्वीसारख्या, समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या गावी अहीर आणि मुशी यांची कथा कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु आपली वर्धा पुढे वैनगंगेला मिळते, प्राणहिता होऊन गोदावरीत जाते आणि शेवटी बंगालच्या उपसागराला भेटते. समुद्र दूर असला तरी त्याची वाट आपल्या दारावरून जाते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. बाजारात वाम म्हणून जो लांबट, पाठीवर काटे असलेला मासा येतो, तो अहीर नव्हे. वाम जन्मभर गोड्या पाण्यात राहते. अहीर समुद्रात जन्मतो, काडीएवढा असताना नदीत शिरतो, वर्षानुवर्षे तेथे वाढतो आणि प्रौढ झाला की पुन्हा समुद्राकडे निघतो. तेथे एकदाच प्रजोत्पादन करून तो मरतो. यूरोपातील अहिराचे जन्मस्थान हुडकण्यासाठी डेन्मार्कचे योहानेस श्मिट यांनी १९०४ पासून जवळजवळ दोन दशके अटलांटिक महासागर धुंडाळला. तेव्हा सारगॅसो समुद्राचा पत्ता लागला. आज ती जात अतिसंकटग्रस्त गणली जाते.

आता मुशी. गंगेची मुशी म्यूलर आणि हेन्ले या जर्मन शास्त्रज्ञांनी १८३९ साली शास्त्राला परिचित करून दिली. त्यानंतरचे नमुने बोटांवर मोजण्याइतके. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर २६६ सेंटिमीटर लांबीची एक मादी आढळली. दहा वर्षांहून अधिक काळानंतरची ती पहिली खात्रीची नोंद. पण मासा मेलेला होता.

दोघेही संकटात आहेत, मग उपाय एकच का नसावा? कारण दोघांचे दुखणे निराळे आहे. अहिराची मादी लक्षावधी अंडी घालते. तिला संततीची वाण नाही, वाण आहे ती वाटेची. पुण्याच्या मुठेतील अहिराला समुद्र गाठावयाचा तर भीमेवर उजनी आणि कृष्णेवर नागार्जुनसागर आडवे येतात. मुशींचा संसार याच्या उलट. त्या उशिरा वयात येतात आणि त्यांना पिले थोडी होतात. म्हणून जाळ्यात सापडलेली एक मादीही भारी तोटा होय.

तेव्हा अहिरासाठी बंधाऱ्यालगत ओलसर, खरबरीत उताराची शिडी हवी. कोवळे अहीर असा चढ सरपटत चढतात. उतरणाऱ्या प्रौढ अहिरांना वीजयंत्रांच्या पात्यांपासून वाचवावयास हवे. मुशीसाठी हवी ती ओळख. २००१ पासून वन्यजीव कायद्याने तिला पूर्ण संरक्षण दिले आहे. पण नदीत शिरणाऱ्या दुसऱ्या एका मुशीसारखीच ती दिसते, आणि ज्याला ती ओळखूच येत नाही तो कोळी तिला सोडणार कशी?

आर्वी तालुक्यातच धनोडीला निम्न वर्धेचे धरण उभे आहे. त्याच्या पाण्यावर आपली शेते भिजतात, आणि ते कोणी पाडावे असे मी म्हणत नाही. म्हणणे एवढेच, की नदी अडविताना पाण्याचा हिशेब आपण करतो, तसाच पाण्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांचाही करावा.