लुफीच्या चाहत्यांसाठी खजिन्याचे पत्ते

रविवारची रात्र, साडेआठ. त्या क्षणी जपानमध्ये सोमवार सुरू होतो आणि ‘वन पीस’ या चाच्यांच्या मांगाचं, म्हणजे जपानी चित्रकथेचं, नवं प्रकरण मुंबईत, माद्रिदमध्ये, मनिलात एकदमच खुलं होतं. तेही फुकट! ‘मांगा प्लस’ हे ॲप मूळ प्रकाशक शुएइशाचंच. जानेवारी २०१९ पासून ते पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणं कुणालाही वाचू देतं. लेखक-चित्रकार एईचिरो ओडा अधूनमधून सुट्टी घेतात. पुढचं प्रकरण कधी येणार ती तारीखही तिथेच दिसते. मराठी किंवा हिंदी मात्र अजून नाही. इंग्रजीवर भागवावं लागतं.

फुटलेली पानं आठवड्याच्या मधेच फिरायला लागतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. घाईचं भाषांतर आणि अंधुक चित्रं यांत ओडांची अर्धी गंमत हरवते, कारण ती पानाच्या कोपऱ्यांत असते. पांडामॅनचंच बघा. पांडाचं डोकं आणि पैलवानाचं शरीर असलेला हा गडी कथेत काहीच करत नाही, पण गर्दीत, खिडकीत, जहाजाच्या कडेला अचानक उभा दिसतो. ‘किन्निकुमान’ या कुस्तीच्या मांगासाठी वाचकांकडून पैलवान मागवले जात, तेव्हा ओडांनी हे पात्र काढलं होतं. तो कुठल्या प्रकरणात कुठे लपलाय, याची नोंद चाहत्यांनी ‘वन पीस विकी’वर करून ठेवली आहे.

ही विकी म्हणजे चाहत्यांनी उभारलेला ज्ञानकोशच. २२ जुलै १९९७ ला ‘साप्ताहिक शोनेन जंप’मध्ये सुरू झालेली ही गोष्ट अजून चालू आहे. शंभरावर खंड, अकराशेवर ॲनिमे भाग, ५० कोटींहून अधिक प्रती. इतक्या पसाऱ्यात कुठलं प्रकरण कुठल्या भागात आलं हे इथे पटकन सापडतं. ॲनिमे संथ वाटला की तिथून सरळ मांगावर उडी मारा. एकच खबरदारी घ्या: पात्राचं पान उघडू नका, प्रकरणाचं उघडा. पात्राच्या पानावर पहिल्या चार ओळींतच पुढची सगळी रहस्यं फुटलेली असतात.

विकीतला माझा सर्वांत लाडका कोपरा ‘एसबीएस’. चौथ्या खंडापासून ओडा वाचकांच्या पत्रांना उत्तरं देत आले आहेत, आणि खंडागणिक ती सगळी प्रश्नोत्तरं विकीवर इंग्रजीत वाचता येतात. प्रश्न कुठलेही! सदर सुरू करण्याचा मान ओडांकडून हिसकावणारे वाचक आहेत, पात्रांचे वाढदिवस सुचवणारे आहेत. कथानायक लुफीचा वाढदिवस ५ मे, म्हणजे जपानचा बालदिन. थापाड्या उसोपचा १ एप्रिल. दुसरा कुठला असणार? एकाने विचारलं, ही मंडळी आपल्या जगात असती तर कुठल्या देशाची असती? ओडांनी लुफीला ब्राझीलचा केलं, झोरोला जपानचा, सांजीला फ्रान्सचा, नामीला स्वीडनची, चॉपरला कॅनडाचा. पुढे टोळीत आलेल्या जिंबेच्या वाट्याला आला भारत. शांत, भारदस्त सुकाणूधारी जिंबे आपला! तो व्हेल शार्क जातीचा मत्स्यमानव आहे, आणि खरे व्हेल शार्क गुजरातच्या किनाऱ्याजवळ येतात. हे ओडांच्या मनात होतं की नाही कोण जाणे, पण मला त्याचा आनंद आहेच.

पत्रांना असं मनापासून उत्तर देणारा लेखक असला की वाचकही झपाटून काम करतात. ‘लायब्ररी ऑफ ओहारा’ हे संकेतस्थळ वाचा. ओहारा हे कथेतलं विद्वानांचं बेट. इतिहास खणून काढला म्हणून सरकारने ते ग्रंथालयासकट बेचिराख केलं. तेच नाव घेऊन हे संकेतस्थळ प्रकरणांतले बारीक धागे उलगडतं. ऐकायला आवडत असेल, तर ‘द वन पीस पॉडकास्ट’ आहे. आवाजांचं कुतूहल असेल, तर ‘बिहाइंड द व्हॉइस ॲक्टर्स’वर लुफी शोधा. १९९९ पासून त्याचा जपानी आवाज मायुमी तानाका यांचा आहे. त्या १९५५ साली जन्मल्या. ‘ड्रॅगन बॉल’मधला क्रिलिनही त्यांचाच.

नकाशाची हौस असलेल्यांनी कुमामोतोकडे वळावं. ओडांचा हा जन्मप्रांत २०१६ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाला, तेव्हा त्यांनी ८० कोटी येन दिले. आभार म्हणून प्रांताने लुफी आणि त्याच्या साथीदारांचे दहा पुतळे उभारले. मुद्दाम भूकंपग्रस्त गावांमध्ये, म्हणजे पाहायला येणाऱ्यांची पावलं तिकडे वळतील. पुतळे कुठे आहेत ते प्रकल्पाच्या संकेतस्थळावर दिलंय. लुफी प्रांताच्या मुख्य कार्यालयासमोर, चॉपर प्राणिसंग्रहालयात, जिंबे उतोच्या समुद्रकिनारी.

आता शेवटचा पत्ता. चाहते इथे फारसे फिरकत नाहीत, आणि मला वाटतं सगळ्यांनी फिरकावं: ‘इंटरनेट आर्काइव्ह’. ओडांनी कित्येक नावं खऱ्या समुद्री चाच्यांवरून घेतली. झोरोचं ‘रोरोनोआ’ आलं फ्रेंच चाचा लोलोनुआवरून. चाच्यांबरोबर शल्यवैद्य म्हणून राहिलेल्या एक्सक्वेमेलिनने १६७८ च्या पुस्तकात त्याचे क्रौर्याचे किस्से सांगितले आहेत. ते वाचताना आपला झोरो किती सभ्य आहे ते कळतं. कथेतल्या युस्टॅस किडमध्ये कॅप्टन विल्यम किड आहे. त्या किडने १६९८ मध्ये मलबार किनाऱ्याजवळ ‘क्वेडा मर्चंट’ हे मालाने भरलेलं जहाज पकडलं, आणि त्याचे अवशेष थेट २००७ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकच्या समुद्रात सापडले.

ब्लॅकबिअर्ड टीच, बार्थोलोम्यू रॉबर्ट्स, ॲन बॉनी हे तिघे कॅप्टन चार्ल्स जॉन्सनच्या नावावर १७२४ मध्ये लंडनला छापलेल्या चाच्यांच्या इतिहासात भेटतात. हे पुस्तक ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर फुकट आहे. त्यात आपले आंग्रेही आहेत! मुंबईजवळच्या कुलाब्याला ठाण मांडून इंग्रजांच्या व्यापाराला हैराण करणारा बलाढ्य ‘चाचा’ म्हणून त्यांचं वर्णन येतं. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल लंडनच्या दप्तरी चाचे ठरले होते. सरकारने चाचा ठरवलेला माणूस खरोखर कोण असतो, हा प्रश्न ‘वन पीस’ पंचवीस वर्षांहून अधिक काळ विचारत आलं आहे. अलिबागच्या याच कुलाबा किल्ल्याकडे पाहत वाढलेल्या मुलाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. शोधताना ‘अँग्रिया’ हे इंग्रजी रूप टाका. उल्लेख कॅप्टन एडवर्ड इंग्लंडच्या प्रकरणात आहे.