इंजिन मागाहून, आधी पट्टा ओढा

जुनी गाडी बघायला मला कुणी बरोबर नेलं की गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मिस्त्री, इंजिन तेवढं नीट ऐका." मी इंजिन सगळ्यात शेवटी ऐकतो. इंजिनचं काम निघालं तर ते माझ्या गॅरेजात होतं. रिंग-पिस्टन बदलता येतात, क्लच प्लेट बदलता येते, खर्च आधी सांगता येतो आणि तेवढे पैसे सौद्यात पाडून घेता येतात. वाकलेली चासी आणि पाण्यात भिजलेलं वायरिंग यांचा खर्च मात्र मला आजवर कुणाला छातीठोक सांगता आलेला नाही. म्हणून माझा निम्मा वेळ तिथंच जातो.

पाण्याच्या बाबतीत आम्ही सांगलीकर जरा जास्तच संशयी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा गावभागातल्या कितीतरी गाड्या जागच्या जागी बुडाल्या. जुलै २०२१ मध्ये तीच गत चिपळूणची झाली, आणि मुंबईचा २६ जुलै २००५ तर सगळ्यांना ठाऊक आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-किमतीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की विमा कंपनी ती 'टोटल लॉस' धरते आणि बहुधा आहे त्या अवस्थेत लिलावात काढते. घेणारा प्रत्येक गाडी भंगारातच घालतो असं नाही. धुऊन, वाळवून, नवी सीटकव्हरं चढवून तीच गाडी दोन जिल्हे पलीकडे विकायला उभी राहते.

अशी गाडी ओळखायला यंत्र लागत नाही. ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढायचा, आणखी यायचा थांबेपर्यंत. रोज हाताला लागणारा वरचा भाग सगळेच पुसतात. आत गुंडाळलेला भाग सहसा कुणी धूत नाही. त्यावर आडवी तपकिरी रेघ दिसली, किंवा कापड पापडासारखं कडक लागलं आणि बोटाला बारीक गाळ आला, की मी पुढचं काही बघत नाही. पट्टा नवाकोरा निघाला तर संशय दुप्पट. पट्ट्याला शिवलेल्या लेबलावर बहुधा बनावटीची तारीख असते. गाडी २०१६ ची आणि पट्टा २०२० चा असेल, तर पट्टा का बदलावा लागला, हे विचारायचंच. मोठ्या धडकेत एअरबॅग उघडली की पट्टेही बदलतात.

पट्ट्यानंतर सीट पुढे सरकवून खालचे रूळ आणि बोल्ट बघायचे. तिथं गंज चढायला पावसाळ्यातले ओले बूट पुरत नाहीत. डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खोलगट जागेत हात फिरवायचा. मॅटिंगचा कोपरा उचलून वास घ्यायचा. आणि गाडीत अत्तराचा घमघमाट असला तर काचा बंद करून दहा मिनिटं आत बसायचं. कुबट वास तेवढ्यात वर येतो.

मग ठोकर. बंपरला रंग मारलाय म्हणून गाडी सोडू नका. आपल्या गावांतल्या पार्किंगमध्ये कुणाचा बंपर शाबूत राहिलाय? बघायचं ते बॉनेटखाली. चाकाच्या वर दोन्ही बाजूंना जो पत्रा असतो, त्याला आम्ही एप्रन म्हणतो. कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके त्यावर सारख्या अंतरावर दिसतात. एका बाजूला ठिपके आणि दुसऱ्या बाजूला घासून सपाट केलेली रेघ असेल, तर पुढून जबर मार बसलेला आहे. दरवाजाच्या चौकटीचं रबर बोटांनी ओढून काढा आणि पिलरवरचे ठिपके तसेच तपासा. एजंट कुरकुरेल, कुरकुरू द्या. रबर हातानं परत बसतं. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग पान्यानं उडालेला दिसला, तर तो कधीतरी खोललाय. सगळ्या काचांवर बहुधा एकाच कंपनीचा शिक्का असतो. एकच काच वेगळी असेल तर दगड लागला असेल. एका बाजूच्या सगळ्याच वेगळ्या असतील तर दगड नव्हे.

मध्यंतरी मिरजेच्या एका शिक्षक नवरा-बायकोंबरोबर एक हॅचबॅक बघायला गेलो होतो. एजंट म्हणाला, "डॉक्टरांची गाडी आहे, एकहाती." एजंटांच्या गाड्या नेहमी डॉक्टरांच्याच असतात, शिक्षकांच्या आणि किराणा दुकानदारांच्या गाड्या कुठं जातात, कोण जाणे. मी इंजिन चालू न करता फक्त चावी फिरवली. तेवढ्यानं मीटरवरचे इशाऱ्याचे दिवे लागतात आणि एकेक करून विझतात. इंजिनचा आणि ऑइलचा दिवा गाडी चालू झाल्यावर जातो. त्या गाडीत एअरबॅगचा दिवा लागलाच नाही.

"लाल दिवा नाही म्हणजे चांगलंच की, मिस्त्री."

"चालू केल्यावर नको, पण चावीला लागायला पाहिजे. त्याची वायर कुणी काढली?"

एजंट फोन आल्यासारखा बाजूला गेला. बाई मला म्हणाल्या, "भाऊ, रंग मात्र छान होता." होताच.

एवढ्यातून गाडी पार पडली तरच चालवून बघायची, आणि तीही थंड असताना. आदल्या दिवशीच सांगून ठेवा, की आम्ही येईपर्यंत स्टार्ट करू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर कशाला गरम केली, ते विचारा. पहिल्या स्टार्टला एकानं सायलेन्सरमागं उभं राहायचं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त जातंय. पांढरा धूर थंडीच्या सकाळी थोडा वेळ चालतो, पण इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट जळत असण्याची शंका घ्या. डिझेल गाडीत इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण जपून सैल करा; भकाभक वाफ बाहेर आली, तर बॅक कॉम्प्रेशन आहे.

रस्त्यावर आधी मालकाला चालवू द्या. तो दुसरा गिअर कसा टाकतो, त्यावरून पुष्कळ कळतं. मग तुम्ही बसा आणि टेप बंद करा. गुळगुळीत हायवेवर सगळ्याच गाड्या चांगल्या असतात. मी गल्लीतल्या उखडलेल्या रस्त्यानं नेतो. स्पीडब्रेकरवरून सावकाश, एक चाक मागं एक चाक पुढं असं तिरकं उतरवलं की खालचे बुश आणि लिंक रॉड बोलायला लागतात. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा. कटकट आवाज आला तर एक्सलचा जॉइंट गेलाय. चढाला चौथ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. शेवटी एसी लावून गाडी वीस मिनिटं जागेवर चालू ठेवा आणि तापमानाचा काटा बघत बसा. हे कंटाळवाणं आहे, म्हणून कुणी करत नाही.

किलोमीटरच्या आकड्यावर मी भरवसा ठेवत नाही. मीटर मागं फिरवणं अवघड राहिलेलं नाही. ४० हजार चाललेल्या गाडीचं क्लच पेडलचं रबर सहसा गुळगुळीत होत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला टायर. त्यावरून टायर मूळचे की बदललेले, ते कळतं.

कागदांत आरसीच्या बरोबरीनं विम्याची पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनसचा रकाना वाचा. क्लेम नसेल तर तो २० टक्क्यांपासून चढत ५० पर्यंत जातो. पाच वर्षं जुनी, एकहाती गाडी आणि बोनस शून्य, तर मागच्या वर्षी क्लेम तरी झालाय, नाहीतर विमा ९० दिवसांहून जास्त खंडित राहिलाय. क्लेम कशाचा, ते सर्व्हिस सेंटरच्या बिलांत निघतं. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. बाकी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या.

नावावर करायचं काम एजंटवर सोडून लोक विसरतात. कायद्यानं विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी हातोहात पुढं विकली गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाची राहिली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघाताची जबाबदारी त्याच्यावरच टाकली. म्हणून गाडी ताब्यात देताना-घेताना दोघांच्या सह्यांचा कागद करा. त्यावर मीटरचा आकडा लिहा, तारीख लिहा आणि वेळसुद्धा लिहा, कारण त्याच संध्याकाळी सिग्नल तोडल्याचं ई-चलन आलं तर ते कुणी भरायचं, हा वाद माझ्या गॅरेजात येऊन मिटवायला सांगतात.