फॅरडे यांच्या व्याख्यानगृहाचे पाहुणे

लंडनच्या अल्बेमार्ल स्ट्रीटवरील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोगशाळा आणि व्याख्यानगृह पूर्वीपासूनच एका छताखाली होते. पण प्रयोगशाळेतले विज्ञान सामान्य श्रोत्यांपर्यंत सातत्याने पोहोचवण्याची परंपरा तेथे दृढ केली ती मायकेल फॅरडे (१७९१–१८६७) यांनी. १८२५ मध्ये प्रयोगशाळेचे संचालक झाल्यावर त्यांनी शुक्रवारच्या सायंकालीन व्याख्यानांचा पाया घातला. सभासद या व्याख्यानांना आपल्यासोबत पाहुणे आणू शकत आणि त्यांत स्त्रियाही असत. इंग्लंडच्या विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती, हे लक्षात घेतले तर या आमंत्रणांचे मोल कळते. २५ जानेवारी १८३९ रोजी छायाचित्रणाचे एक प्रवर्तक टॅलबट यांनी प्रकाशाच्या साहाय्याने कागदावर उमटवलेल्या प्रतिमा, म्हणजेच छायाचित्रणाचे आरंभीचे नमुने, या पाहुण्यांना येथील ग्रंथालयात पाहायला मिळाले.

प्रवेशपत्राची किंमत फॅरडे यांच्याइतकी क्वचितच कोणी जाणली असेल. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत असताना, १८१२ मध्ये, एका ग्राहकाने दिलेल्या तिकिटांवर त्याने याच संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे स्वतः बांधून डेव्हींकडे पाठवली आणि पुढल्याच वर्षी तो त्यांचा साहाय्यक झाला.

नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी होणाऱ्या व्याख्यानांच्या एकोणीस माला फॅरडे यांनी गुंफल्या. मेणबत्तीवरील माला त्यांतली सर्वांत प्रसिद्ध, आणि तिची ख्याती सार्थ आहे. ज्योतीच्या मधल्या काळसर भागात वाकडी काचनळी धरली की मेणाची वाफ नळीतून बाहेर येते आणि नळीच्या दुसऱ्या टोकाशी ती पेटवता येते. म्हणजे मेण घन किंवा द्रव रूपात नव्हे, तर वायुरूप होऊन जळते, हे मुलांना डोळ्यांनी दिसे. ज्योतीवर बर्फ आणि मीठ घातलेले थंड भांडे धरले की त्याच्या तळाशी पाण्याचे थेंब जमतात, कारण मेणातील हायड्रोजन हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतो. सूत्र नंतर, दर्शन आधी, हा क्रम फॅरडे यांनी कधी मोडला नाही, आणि त्यांच्या अध्यापनाचे खरे सामर्थ्य त्यातच होते.

१८५५ च्या नाताळात व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट राजपुत्रांसह श्रोत्यांत बसले होते. चार्ल्स डिकन्स यांनी तर १८५० मध्येच फॅरडे यांच्याकडून मेणबत्तीवरील व्याख्यानांची टिपणे मागून घेतली आणि त्यांवर आधारलेला लेख आपल्या साप्ताहिकात छापला, त्यामुळे व्याख्यानगृहात ज्यांना कधीच जागा मिळाली नसती, त्यांच्याही घरी ती मेणबत्ती पोहोचली.