सच्छिद्र कार्बन आणि ‘ऋणाग्र’ ही संज्ञा

शिंदखेड्याच्या एका विद्यार्थ्याने पुनर्भारणक्षम विद्युत् घटांविषयीचे आपले भाषांतर मजकडे भाषाशुद्धीसाठी आणले होते. ‘ऋणाग्र हे घटाचे धन टोक होय’ हे त्यातील वाक्य मी निःशंकपणे खोडले. चूक माझी होती; पण संज्ञाही सर्वस्वी निर्दोष नव्हती.

त्याचा विषय होता सच्छिद्र कार्बन. त्याच्या तालुक्यात कापसाची वेचणी आटोपली की पऱ्हाट्या उरतात व बहुधा चुलीत जातात. त्याच हवेविना तापवून कोळसा केला व त्यावर वाफेचा किंवा दाहक पोटॅशचा संस्कार केला, तर त्यात असंख्य सूक्ष्म रंध्रे पडतात. अशा एका ग्रॅम कोळशाचे आंतरिक पृष्ठफळ हजार चौरस मीटरांहूनही अधिक भरू शकते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सतीशचंद्र ओगले व सहकारी यांनी वाळलेल्या पानांपासून असा कार्बन सिद्ध केल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. तो मात्र वीज साठविणाऱ्या धारित्रासाठी होता.

लिथियम-गंधक घटात या रंध्रांचे कार्य निराळे असते. गंधक स्वस्त, त्याची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे १६७५ मिलिअँपिअर-तास, म्हणजे कोबाल्ट ऑक्साइडच्या व्यवहारातील क्षमतेच्या दसपटीहून अधिक. परंतु गंधक वीजवाहक नाही; घट वीज देताना ते सुमारे ८० टक्के फुगते, आणि मधल्या अवस्थेतील संयुगे द्रवात विरघळून पलीकडच्या अग्राकडे निसटतात. कार्बन गंधकापर्यंत वीज पोचवितो, फुगण्यास जागा देतो व निसटणाऱ्यास काही अंशी अडवितो. कॅनडातील लिंडा नाझर यांच्या गटाने २००९ साली तीन-चार नॅनोमीटर रुंदीच्या रंध्रांत गंधक भरून हे दाखविले. रंध्र फार रुंद असले तर गंधक टिकत नाही, फार अरुंद असले तर पुरेसे मावत नाही. मराठीत ‘छिद्र’ म्हणजे दोष. येथे तोच गुण ठरतो!

आता संज्ञेकडे वळू. ‘कॅथोड’ हा शब्द फॅरडे यांनी १८३४ साली व्ह्यूएल यांच्या सूचनेवरून स्वीकारला. त्याच्या ग्रीक मुळाचा अर्थ ‘खाली जाणारी वाट’; त्यात धन-ऋण काहीच नाही. आपण विद्युत् अपघटनाकडे पाहून त्याला ‘ऋणाग्र’ म्हटले. तेथे ते यथार्थ आहे. वीज देणाऱ्या घटात मात्र कॅथोड धन असतो. घट पुन्हा भारित करताना शास्त्रदृष्ट्या भूमिका पालटतात, तरी ते टोक धनच राहते. म्हणून घटांविषयी लिहिताना ‘धनध्रुव’ म्हणावे असे माझे मत आहे. विद्यार्थ्याचे वाक्य मी पूर्ववत केले व त्याखाली ही टीप जोडली.